पाठीवरचं रानबदक

तळं वाचवायचं असं मी ठरवलं, तेव्हा त्यात घरातली चादर ओढली जाईल याची मला कल्पना नव्हती. (क्रांतीला निघताना कपाटाचा विचार कोण करतो?)

बर्फाळ डोंगरातल्या आमच्या गावाबाहेरचं तळं बुजवून तिथे इमारती उठणार होत्या. दर हिवाळ्यात तिथे रानबदकं उतरतात, अशी लेखी हरकत मी घेतली. कारकुनाने अर्ज न वाचताच परत सरकवला.

"पक्ष्यांचा फोटो जोडा. फोटोत अर्जदार दिसला पाहिजे."

"अहो, माणूस दिसला की रानबदकं उडतात!"

"ते बदकांना सांगा. मुदत सोमवारपर्यंत."

रविवारी पहाटे मी काठावरच्या बर्फात पालथा पडलो. अंगावर बायकोची कोरी पांढरी चादर, बाहेर फक्त तोंड. बायको कॅमेरा घेऊन झुडपामागे.

"चादरीला डाग पडला तर घरात घेणार नाही हं."

"अगं, इथे अख्ख्या तळ्याचा प्रश्न आहे!"

"तळं मला धुवायचं नाहीये."

दोन तासांनी नाक जागेवर आहे की गळून पडलं, हेही मला कळेना. आणि बदकं उतरली! त्यातलं एक डुलत डुलत आलं, माझ्या पाठीवर चढलं आणि खुशाल बसलं. (आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी माझ्यावर विश्वास टाकला. आणखीही काही टाकलं, ते घरी गेल्यावर चादरीवर दिसलं.)

फोटो झकास आला, अगदी चादरीवरच्या डागासकट. सोमवारी मी तो छाती फुगवून अर्जाला जोडला.

महिन्याभराने निकाल आला. 'सोबतच्या छायाचित्रात पक्षी माणसाच्या अंगावर निर्धास्त बसलेला दिसतो. सबब, वस्तीमुळे पक्ष्यांना उपद्रव होण्याचा संभव नाही. हरकत फेटाळली.'

मी तडक कारकुनाला गाठलं. "अहो, मी चादरीखाली लपलो होतो, म्हणून बसलं ते!"

"तसं अर्जात लिहिलंय?"

नव्हतं लिहिलं.

पुढच्या हिवाळ्यात तळ्याच्या जागी खांब उभे होते. बदकं आली, दोन घिरट्या घालून निघून गेली. खाली भलामोठा फलक होता: 'या, पक्ष्यांच्या शेजारी राहा!' त्यावर माझाच फोटो, सरकारी फाइलीतून थेट तिथे पोचलेला. माझं तोंड तेवढं कापलं होतं. बदक आणि चादर ठेवली होती.

 बायको कितीतरी वेळ फलकाकडे एकटक बघत राहिली. निदान हिला तरी कळलं, असं मला वाटलं.

"बघ," ती हळूच म्हणाली, "यांनी डाग काढला. मला तीनदा धुऊनही निघाला नाही."