मगदूमबाईंचा सातवा नंबर

आमच्या समोर राहणाऱ्या मगदूमबाई कुठंही शिरल्या की आधी म्हणतात, "पुढं सरका, मधी जागा हाय." लग्नाच्या पंगतीत म्हणतात, दवाखान्यात म्हणतात. एकदा एका घरी सांत्वनाला गेल्या आणि दारातच म्हणाल्या. रडणारी माणसं खरोखर सरकली. तीस वर्षं शहर बसमध्ये कंडक्टर होत्या. आवाज अजून त्याच मापाचा आहे.

निवृत्तीनंतर बाईंनी वकिलीची प्रवेश परीक्षा दिली. नोकरीत असतानाच मुक्त विद्यापीठातून बी. ए. झाल्या होत्या. मला म्हणाल्या, "नंदा, तीस वर्षं नुसताच वाद घातला. आता पदवी घेऊन घालते."

मार्क बरे पडले. पण त्यांना कॉलेज हवं होतं ते एकच, आणि तिथं त्या वेटिंगवर सातव्या. दुसरीकडं जागा सहज मिळत होती. सांगलीहून भावाचा फोन आला, "आक्का, मिळतंय ते घे, न्हायतर घरात बस. ह्या वयात हसं कशाला करून घेतीस?"

बाई माझ्या स्वयंपाकघरात होत्या. कुकरची शिट्टीही ऐकू येईना अशा आवाजात म्हणाल्या, "त्या कॉलेजच्या स्टॉपवर किती पोरं उतरवली मी, म्हाईत हाय? बेल मीच मारायची आन् बसमधनं म्होरं बी मीच जायची. एकदाबी उतरले न्हाय. आता उतरणार. ठेव फोन."

दुसऱ्या दिवसापासून दहाच्या ठोक्याला त्या कॉलेजच्या खिडकीशी हजर.

"पावणं, यादी किती सरकली?"

"आजी, आम्ही फोन करू," क्लार्क म्हणाला.

"आजी तुमच्या घरात. हितं सात नंबर म्हणायचं."

आठवड्याभरात तो बिचारा "या, सात नंबर" म्हणून खुर्ची द्यायला लागला.

वरच्या नंबरांपैकी कुणी प्रवेश घेत होतं, कुणी पुण्याला जात होतं. सहाव्या नंबरची मुलगी शिरोळची. तिचा एक दाखला राहिला होता. ती रडकुंडीला आलेली बघून बाई तिच्याबरोबर एसटीनं शिरोळला गेल्या, तिथल्या ऑफिसात आवाज चढवला आणि दाखला घेऊनच परतल्या. मी कपाळावर हात मारला. "अहो, ती गळली असती तर तुमचा नंबर लागला असता की!"

"ढकलून चढायचं न्हाय," बाई म्हणाल्या. "चढायचं तर रांगेनं."

शेवटच्या फेरीला त्यांनी मला पोस्टातल्या नोकरीतून रजा काढायला लावली. "सोबतीला न्हाय, स्कूटर चालवायला," हे दोनदा बजावलं. संध्याकाळचे साडेपाच वाजले तरी नावं चालूच. बाईंनी तिथंच डबा उघडला. "जैनाची बाई मी, दिवस मावळायच्या आत जेवते. तुम्ही पुकारा नावं, मला ऐकू येतंय."

शिरोळच्या मुलीला प्रवेश मिळाला. मग एकच जागा उरली.

"सात नंबर!"

बाई अर्धी भाकरी तशीच ठेवून उठल्या. भराभर फॉर्म भरला, सही ठोकली. क्लार्कनं कागद चाळला. "पालकाची सही राहिली."

"माझं पालक कवाच वर गेल्यात."

"रकाना रिकामा चालत नाही, सात नंबर. घरातलं कुणीही चालेल. फक्त नातं लिहा."

बाईंनी भावाला फोन लावला. त्यानं कापला. परत लावला, परत कापला. बाईंनी चष्मा काढला आणि पदरानं बराच वेळ पुसत राहिल्या.

मी पेन घेतलं. सही केली. 'नातं' पुढं लिहिलं, 'भाची'.

क्लार्कनं माझ्याकडं बघितलं. "तुम्ही भाची?"

मी तोंड उघडायच्या आत बाई कडाडल्या, "व्हय! माझी भाची हाय. लिवलंय न्हवं तिथं?" शेवटचा शब्द जरा फाटलाच.

मग त्यांनी माझा हात धरला, आणि जिना उतरून रस्त्यावर येईपर्यंत सोडला नाही.