बाबांचा जुना राउटर आणि कोस्ताकेकाका

आमच्या घराण्यात आजवर एकही वस्तू वाया गेलेली नाही! बाबांनी बिघडलेल्या वॉशिंग मशीनच्या मोटरवर मक्याचे दाणे काढायचं यंत्र चालवलं होतं. त्याच बापाचा मी मुलगा. त्यामुळे परसातल्या उन्हाळी स्वयंपाकघरात नेट पोचत नाही, अशी आईने कुरकूर केली तेव्हा मी छाती पुढे काढून म्हणालो, "नवीन काही आणायचं नाही! बाबांचा जुना राउटर माळ्यावर पडलाय. तो परसातल्या खिडकीत ठेवतो. घरातला राउटर हाक मारेल, हा ओ देईल. वायर नाही, खोदकाम नाही. हवेतला पूल!"

"तुझ्या बाबांनी ओढ्यावर पूल बांधला होता," आई म्हणाली. "बकरीसकट वाहून गेला."

आईला नेट हवं होतं ते लुक्रेत्सियामावशीसाठी. सप्टेंबर आला की आमच्या बुझाऊ गावात घराघरांतून भाजलेल्या मिरच्यांचा वास येतो. झाकुस्काची, म्हणजे पावाला लावायच्या भाज्यांच्या चटणीची, वर्षभराची बेगमी चालू होते. ढबू मिरच्या, वांगी, कांदा, टोमॅटो, तेल, सगळं मोठ्या पातेल्यात तासन् तास रटरटत ठेवायचं. आई आणि मावशी पूर्वी ते परसातल्या याच चुलीवर मिळून करायच्या. मावशी म्हाताऱ्यांची सेवा करायला इटलीला गेली ती तिकडचीच झाली. या रविवारी दुपारी ती फोनवर पातेलं बघणार होती.

रविवारी सकाळी मी राउटर पुसला. दोन शिंगांचा डबा, एक शिंग चिकटपट्टीने बांधलेलं. ती चिकटपट्टी बाबांचीच. सात वर्षं झाली त्यांना जाऊन, पण पट्टी हलली नव्हती! वीज दिल्यावर हिरवे दिवे असे लुकलुकले की मला उगाचच वाटलं, आता बाबा खोकतील.

मग मी दोन्ही राउटर वायरने जोडले. म्हटलं, पूल बांधायच्या आधी ओळखपाळख होऊ दे. तर दोघांचा नेटवर्कमधला पत्ता एकच निघाला! एका घरात दोन सासवा आल्यासारखं झालं. प्रत्येक यंत्राला हा एक सांगे, तो दुसरं सांगे. घरातलं नेट ठार बंद!

"लिविउ! आतल्या टीव्हीचा आवाज बंद झाला!" आई परसातून ओरडली.

"दोन मिनिटं!"

"माझ्या मिरच्या जळतायत आणि याची दोन मिनिटं!"

तेवढ्यात फाटक वाजलं. शेजारचे कोस्ताकेकाका उभे. चेहरा चुन्यासारखा, हातात मुलीने घेऊन दिलेला नवा फोन.

"पोरा," ते कुजबुजले, "तुझ्या बापाचा निरोप आलाय."

मी फोन बघितला. जवळपासच्या नेटवर्कची नावं दिसत होती. सगळ्यात वर होतं, 'कोस्ताके शिडी आणून दे'!

मला एकदम आठवलं. बाबांनी राउटर घेतला त्याच वर्षी काकांनी शिडी नेली होती. तोंडावर मागायचा बाबांना संकोच, म्हणून त्यांनी नेटवर्कलाच ते नाव दिलं. अख्खी गल्ली ते वाचून हसायची. फक्त काकांकडे तेव्हा बटणांचा साधा फोन होता!

"काका, हा जुना राउटर आहे हो..."

"मला समजावू नकोस! मी दर रविवारी तुझ्या बापासाठी, ट्रायानसाठी मेणबत्ती लावतो, आणि त्याच्या मनात शिडी!" त्यांनी फोनवर बोट आपटलं. "एकदा तोंडाने म्हणाला असता तर!"

मी काही बोलायच्या आत ते गेले आणि शिडी खांद्यावर घेऊन आले. खांद्यावर म्हणजे अर्धी खांद्यावर, अर्धी आभाळात.

"काका, वर बघा! वायर!"

काकांनी वर बघितलं. त्यांच्याबरोबर शिडीनेही बघितलं. खांबावरून गल्लीभर गेलेली नेटची वायर शिडीच्या टोकात अडकली, ताणली, आणि शिजलेल्या शेवईसारखी गळून पडली!

आता अख्ख्या गल्लीचं नेट बंद. फाटकं उघडली, माणसं आली. कोणाची मॅच अडली होती, कोणाचा नातू लंडनहून बोलता बोलता तोंड उघडं ठेवून थिजला होता. सगळे माझ्यावर तुटून पडणार, इतक्यात आई पातेलं घेऊन बाहेर आली.

"भांडण नंतर! आधी पाव घ्या. भाऊजी, शिडी ठेवा खाली, बसा."

"वहिनी, शिडी फार उशिरा आणली."

"आणलीत ना? तो असता तर म्हणाला असता, एक पायरी मोडलीय."

काकांनी खाली बघितलं. पायरी खरंच मोडली होती. ते आधी हसले, मग बाहीने डोळे पुसत राहिले. गल्लीतल्या प्रत्येकाला बाबांचा एकेक किस्सा आठवला आणि आमची अर्धी बेगमी तिथेच संपली. मावशीचा फोन मात्र लागला नाही.

वायर जोडली गेल्यावर मी जुन्या राउटरचा पत्ता बदलला आणि पूल चालू केला. नावही बदलणार होतो. आई म्हणाली, "राहू दे. तेवढं तरी ओरडू दे त्याला."

पुढच्या रविवारी नवं पातेलं चढलं. फोन खिडकीत टेकवला, आणि मावशी काय स्वच्छ दिसली! मी बाहेर ओट्यावर ऐटीत बसलो.

"झेनोविया, तेल कमी पडलंय!" मावशी फोनमधून आईवर ओरडली.

"तुला तिथून काय दिसतंय?"

"चमचा उभा राहतोय की! आपल्या आईने हेच शिकवलं?"

"आईने तुला काही शिकवलंच नाही, तू नुसती चाखायचीस!"

तेच भांडण, त्याच चुलीपाशी! मी डोळे मिटून ऐकत राहिलो. शाळेतून आल्यावर दप्तर टाकायचो तेव्हाही ह्याच तेलावरून चाललेलं असायचं.

"लिविउ!" आई कडाडली. "काढ तो तुझा पूल आत्ताच्या आत्ता! माझ्या पातेल्यात इटलीहून नाक नको!"

मी आज्ञाधारक मुलगा. प्लग उपटला.

मग चमचा हातात घेऊन आई दारात.

"अरे गाढवा, खरंच काढलास? कांदा किती घालायचा ते ती आता सांगणार होती!"