आपण भाडेकरू

वायंगणकरांसमोर कुठल्याही संगीतकाराचं नाव घेतलं की त्यांचा उजवा हात कानाच्या पाळीला जातो. आदर म्हणून पुष्कळ जण असं करतात, त्यात विशेष काही नाही. पण वायंगणकर अकॉर्डियन वाजवतात, आणि पट्ट्यांवर तोच हात लागतो. मी माइकवर संगीतकाराचं नाव घ्यायचं, ड्रमवरच्या राकेशने 'वन-टू-थ्री' द्यायचं, आणि गाण्याची सुरुवातच अकॉर्डियनने असताना आमचे वायंगणकर कान धरून उभे. शाळेत शिक्षा झाल्यासारखे.

हा लेख त्यांच्या हातात पडणार, म्हणून मी इथे एकाही संगीतकाराचं नाव लिहिलेलं नाही. मासिक खाली पडायला नको.

आमचा ऑर्केस्ट्रा जुन्या गाण्यांचा. बोरीवली, घाटकोपर, मुलुंड, जिथे हॉल मिळेल तिथे. मी निवेदन करते आणि माणसं वेळेवर स्टेजवर उभी करते. दुसरं काम जास्त अवघड आहे. वायंगणकर मात्र वेळेच्या आधी येतात. कांजूरमार्गला एकटेच राहतात, एका कारखान्यातून निवृत्त झालेत, घरी थांबायला त्यांना कारण नसतं.

"हे बघ गो बाय," ते मला सांगतात, "गाणं म्हणजे घर. संगीतकारांनी बांधलं. पहिल्यांदा ज्यांनी वाजवलं, ते मालक. आपण भाडेकरू. भाडेकरूने भिंतीला खिळा मारायचा नाही."

एकदा राकेशने गाण्याच्या मध्येच स्वतःचा ठेका घुसवला. लोकांनी टाळ्या दिल्या. मध्यंतरात वायंगणकर त्याच्यासमोर उभे.

"काय रे, मालकांच्या घरात लिफ्ट बसवलीस?"

"काका, पब्लिकला मजा आली ना!"

"मजा करायची तर स्वतःचं घर बांध."

आमच्या कार्यक्रमात एक होडीचं गाणं असतं. सुरुवातीला अकॉर्डियनचा छोटासा तुकडा, आणि त्याच्या शेवटी एक सूर किंचित खाली घसरतो. बाकीचे ऑर्केस्ट्रा तो सरळ वाजवून मोकळे होतात. वायंगणकरांनी तो रेकॉर्डला कान लावून बसवलाय. "तिथे होडी हलते," ते म्हणायचे. "त्या एका सुराचा मालकांनी किती विचार केला असेल!" हे मालक कोण, ते कुणालाच ठाऊक नव्हतं. रेकॉर्डच्या कव्हरवर वाजवणाऱ्याचं नाव नव्हतं. तरी हात कानाला जायचाच.

आणि एक दिवस माझ्या नणंदेचा मुलुंडहून फोन आला. "अगं, आमच्या वरच्या मजल्यावरचे तळवडेकर म्हणतात, त्या होडीच्या गाण्यात अकॉर्डियन त्यांनी वाजवलंय. मुलुंडच्या कार्यक्रमाला घेऊन येऊ?"

मी "आण" म्हटलं. वायंगणकरांना सांगितलं तर चेहरा पांढराफटक.

मुलुंडला कार्यक्रमाच्या आधी ते विंगेत उभे होते. हातरुमालाने पट्ट्या पुसत होते, पुसलेल्या पुन्हा पुसत होते.

"मालक इले काय गो?"

"आलेत. पहिल्या रांगेत, काठीवाले."

"त्यांनी नाही म्हणून मान हलवली तर माझी पेटी बंद. कायमची. घर खराब केलंस असं मालकच म्हणाले, तर राहायचं कशाला?"

"दुसऱ्या भागात तुमची अजून गाणी आहेत."

"तुला गाण्यांचं पडलंय."

"हो, पडलंय. लोक तिकिटं काढून बसलेत."

बोलले खरी, पण अकॉर्डियनशिवाय निभतील अशी गाणी यादीत शोधायला लागले. वायंगणकर बोललेलं करतात.

होडीच्या गाण्याची वेळ आली. मी नाव घेतलं, हात वर गेला, खाली आला. राकेशने मोजलं. भाता उघडला. मी सुरांकडे लक्षच दिलं नाही, पहिल्या रांगेकडे बघत होते. तळवडेकर डोळे मिटून बसले होते. तुकडा संपत आला, सूर घसरला, आणि म्हाताऱ्याने दचकून डोळे उघडले. मान हलवली. एकदा नाही, दोनदा.

वायंगणकरांनी ते पाहिलं. उरलेलं गाणं त्यांनी शेवटपर्यंत नीट वाजवलं. मध्यंतरात पेटीत अकॉर्डियन ठेवलं आणि कड्या लावल्या. मी पेटीवर हात ठेवून उभी राहिले. "वायंगणकर, आज नाही. आज कार्यक्रम पुरा करा."

"सोड गो बाय."

तेवढ्यात काठीचा आवाज आला. माझी नणंद तळवडेकरांना धरून आत आणत होती.

"शेवटचा सूर तसा का वाजवलास रे?" त्यांनी उभ्याउभ्याच विचारलं.

"रेकॉर्डवर... रेकॉर्डवर तसाच आहे."

"अरे, बोट घसरलं होतं माझं! नवीन होतो, घाबरलेलो. टेक ओके झाला. मला काही तो ओके वाटला नाही. रेडिओवर ते गाणं लागलं की मी रेडिओ बंद करायचो."

"मला वाटलं, तिथे होडी हलते."

"होडी कसली, मी हलत होतो!" म्हातारा हसायला लागला. "इतकी वर्षं माझी चूक वाजवतोयस? दुरुस्त करून टाक बाबा. माझी परवानगी."

वायंगणकरांनी वाकून नमस्कार केला आणि पेटीच्या कड्या उघडल्या. दुसरा भाग वेळेवर सुरू झाला.

पुढचा कार्यक्रम बोरीवलीला. तालमीत वायंगणकरांनी तो सूर स्वच्छ, सरळ वाजवला. राकेशने ड्रमची काडी उंचावून सलाम केला. संध्याकाळी स्टेजवर मात्र सूर घसरला. अगदी पहिल्यासारखा.

मध्यंतरात मी त्यांना धरलं. "मालकांनी दुरुस्तीची परवानगी दिली ना?"

"दिली."

"मग?"

ते पट्ट्या पुसत राहिले. "कव्हरवर त्यांचं नाव नाही गो. बाकी सगळे सूर लिहून दिलेले, कुणीही वाजवले असते. त्या अख्ख्या गाण्यात तेवढा एकच सूर त्यांचा स्वतःचा आहे. तो काढला तर ते तिथे होते हे कुणाला कळणार?"

मी निवेदनाचा कागद आणि पेन काढलं.

त्यानंतर घाटकोपरला होडीच्या गाण्याआधी मी संगीतकारांचं नाव घेतलं आणि थांबले. मग तळवडेकरांचं नाव घेतलं आणि पुन्हा थांबले. प्रेक्षक चुळबुळायला लागले.

"मॅडम," मागून राकेश कुजबुजला, "वन-टू-थ्री देऊ?"

"थांब," मी म्हटलं. "हात खाली येऊ दे."