खोली सत्तावीसचा हरवलेला करार

एक भिंग, दांडी तुटलेलं.

"भिंतीला खिळा मारल्यास वास्तव्य रद्द." (वसाहतीच्या फाटकावरचा फलक.)

"माझ्या नजरेतून मुंगी सुटत नाही. मुंग्या मला बघून रस्ता बदलतात." (आमचे हे, स्वतःविषयी, रोज, चहाआधी.)

बंद पडलेलं शिवणयंत्र, सुईखाली अर्धी बाही.

आता सलग सांगते. हे व्यवसायाने कुलूपवाले, वृत्तीने गुप्तहेर. मी त्यांची बायको, म्हणजे सहायक. पगार नाही, राजीनाम्याची सोयही नाही. शहरात घरं कमी पडली म्हणून बांधलेल्या तात्पुरत्या भाड्याच्या खोल्यांत आम्ही राहतो. शेजारच्या शिवणवाल्या मावशींचा मूळ करार सापडत नव्हता. मुदतवाढीसाठी तो यंदा प्रथमच मागितला होता. पाचला अधिकारी येणार. कागद नसेल तर खोली प्रतीक्षायादीतल्या पुढच्या कुटुंबाला. मावशींनी म्हाताऱ्या सासूबाईंना घेऊन जायचं कुठे?

ह्यांनी मावशींच्या खोलीत एका खोक्यावर बैठक मारली.

"मावशी, तुमचे शत्रू?"

"माप चुकलं की गिऱ्हाईकं रागावतात."

"लिहून घे. सूड."

"कपडे घट्ट झाले म्हणून करार चोरतील?" मी विचारलं.

"घट्ट कपड्यांत माणसाचा विवेक गुदमरतो."

साडेतीनला संशय प्रतीक्षायादीवर गेला: चारशे कुटुंबं, सगळ्यांकडे हेतू. चारला सासूबाईंवर, कारण त्या फारच निर्दोष दिसत होत्या. साडेचारला माझ्यावर. मावशी तिसऱ्यांदा गाद्या उलटत होत्या.

"त्या शहाण्याला उठव," सासूबाई मावशींना म्हणाल्या. "बसलाय त्यात बघ."

खोक्यावर लिहिलं होतं: महत्त्वाचं. नव्या घरी उघडणे.

"हे मी केव्हाच बाद केलंय," हे म्हणाले. "खरं महत्त्वाचं असेल त्यावर कोणी तसं लिहीत नाही."

"आणि ते उघडू कसं?" मावशी कावऱ्याबावऱ्या झाल्या. "नवं घर कुठे मिळालंय?"

मीच कात्री घेतली. करार सगळ्यात वर होता.

पाचला अधिकाऱ्यांनी मुदतवाढीचा सहावा शिक्का मारला.

"पुराव्यावरची पकड मी शेवटपर्यंत सोडली नाही," हे त्यांना सांगत होते.

मावशींनी करार पुन्हा खोक्यात ठेवला आणि नवी चिकटपट्टी लावली.

नऊ वर्षांपूर्वी किल्ली देताना कचेरीत सांगितलं होतं: अठरा महिन्यांचाच प्रश्न आहे, बांधलेलं सामान सोडू नका.