सासऱ्यांची सपाट रेघ

"चोपन्नाव्या वर्षी माणूस नापास कसा होतो, ते मला जरा समजावून सांगा," बायको म्हणाली.

नाडीकाकांनी काखेतली जड पिशवी जेवणाच्या टेबलावर ठेवली आणि चपला काढल्या. सव्वीस वर्षं ते ॲम्ब्युलन्सवर मदतनीस होते. पेशंटच्या मनगटाला दोन बोटं लावायची आणि त्याचं कितपत खरं आहे ते सांगून टाकायचं, हा त्यांचा खाक्या. म्हणून अख्खं इस्पितळ त्यांना नाडीकाका म्हणायचं. पण अपघात विभागात नव्या डॉक्टरीणबाई आल्या आणि येताना एक यंत्र घेऊन आल्या. पेशंटच्या नाकाला बारीक नळी लावायची, की तो श्वास सोडेल तसा त्यातला कार्बन डायऑक्साइड हे यंत्र मोजायचं आणि पडद्यावर दर श्वासाला एक टेकडी काढून दाखवायचं. ज्याला ही टेकडी वाचता येईल तोच ॲम्ब्युलन्सवर बसेल, असं बाईंचं फर्मान होतं. बाकीच्यांनी तळघरात जाऊन जुन्या फायली सांभाळायच्या.

"दोनदा झालोय नापास," शेवटी ते म्हणाले. "उद्या तिसरी परीक्षा. ती गेली की तळघर."

"पडद्यावर अडतीस होते आणि तुम्ही अठ्ठ्याऐंशी सांगितलेत म्हणे. ड्रायव्हर भावजींचा फोन आला होता."

"त्याला दुसरा धंदा नाही."

"ते म्हणाले, खरंच अठ्ठ्याऐंशी असते तर पेशंटला पोचवायला वेगळी गाडी लागली असती. अहो, चष्मा घ्या ना एकदाचा."

"मला सगळं स्वच्छ दिसतं. आकडेच बारीक काढलेत मेल्यांनी."

हल्ली पेपर वाचताना नाडीकाकांचा हात पुरेनासा झाला होता. पण चाळिशी लावायची म्हणजे आपण म्हातारे झालो हे गावभर सांगायचं, आणि ते त्यांना जिवावर आलं होतं. अपघाताच्या ठिकाणी गर्दी बाजूला करत आत घुसणारा माणूस आधी खिशात चष्मा चाचपतोय, हे त्यांना डोळ्यांसमोरसुद्धा आणवत नव्हतं. तळघर तर त्याहून नको होतं. म्हणून त्यांनी रजिस्टरवर सही करून विभागातलं सरावाचं तसलंच यंत्र रविवारपुरतं पिशवीतून घरी आणलं होतं.

पहिला पेशंट घरचाच होता. बायकोच्या नाकाला नळी लावली, पण पडद्यावर टेकड्यांऐवजी मोडक्या फणीचे दात उमटायला लागले.

"अगं, तोंड मिटून नाकाने श्वास घे."

"का? अठ्ठावीस वर्षं मी बोलतेय, तेव्हा कुणाची रेघ वाकडी झाली नाही ती?"

"बोललं की श्वास तुटतो. एक मिनिट गप्प बस."

"त्यापेक्षा बाबांना लावा. ते आता आडवे होतीलच. आणि त्यांच्या घोरण्याला नावं ठेवू नका, तुम्ही काय कमी घोरता?"

"मी घोरत नाही," नाडीकाका म्हणाले.

बाबा म्हणजे सासरे दोन महिन्यांपासून लेकीकडे राहायला आले होते. बत्तीस वर्षं एका कारखान्यात रात्रपाळीचे वॉचमन होते आणि त्या बत्तीस वर्षांत आपला एकदाही डोळा लागला नाही, असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवत. रोज दुपारी जेवण झालं की ते आरामखुर्चीत कलंडत आणि खिडकीची तावदानं थरथरतील असे घोरत. हटकलं की म्हणत, "मी जागाच आहे. डोळे मिटून विचार करतोय."

"मामा, जरा नळी लावू का नाकाला?" नाडीकाकांनी विचारलं.

"लावा, जावईबापू. मी काही झोपणार नाहीये."

तीन मिनिटांत मामा विचारात बुडाले. तावदानं वाजायला लागली. पडद्यावर एकामागून एक छान टेकड्या उमटायला लागल्या. आकडे मुंग्यांएवढे दिसत होते, पण टेकडी काही मुंगी नव्हे. नाडीकाकांना हुरूप आला. मग घोरणं एकदम थांबलं आणि रेघ सपाट झाली.

"बघा, आता कशी शांत झोप लागलीय," स्वयंपाकघरातून बायको म्हणाली.

नाडीकाकांनी नळी चाचपली, ती जागेवर होती. वायर हलवून बघितली. मग सव्वीस वर्षांच्या सवयीने त्यांनी सासऱ्यांच्या मनगटाला दोन बोटं लावली. नाडी चालू होती. त्यांच्या बोटाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा अडकवला, त्यावर ठळक शहाण्णव आले. म्हणजे म्हातारा ठणठणीत होता आणि यंत्र गंडलेलं होतं. तेवढ्यात सासऱ्यांनी असा घुर्र आवाज काढला की नाडीकाकांच्या हातातलं मनगट सुटलं, आणि रेघेला पुन्हा टेकड्या आल्या.

असं दोन-दोन मिनिटांनी व्हायला लागलं. मधेच एकदा चिमट्यावरचा आकडाही नव्वदवर आला, तेव्हा दोन्ही यंत्रं एकाच कंपनीची असणार, असं म्हणून नाडीकाकांनी त्या कंपनीच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. पाचव्या वेळी चिडून त्यांनी यंत्राला रट्टा घालायला हात मागे घेतला, तर कोपर सासऱ्यांच्या बरगडीत बसलं. लगेच टेकडी आली.

"मी जागाच आहे," सासरे डोळे न उघडता म्हणाले.

नाडीकाकांनी सहाव्या वेळी मुद्दाम ढोसलं. टेकडी आली. सातव्यालाही आली. पडद्याकडे बघायचीसुद्धा गरज नव्हती. घोरणं थांबलं की ढोसायचं. संध्याकाळी त्यांनी ड्रायव्हरला फोन लावला.

"यंत्रात लूज काँटॅक्ट आहे रे."

"कुठे आहे, काका?"

"आमच्या सासऱ्यांत."

सोमवारी सकाळी नाडीकाकांनी यंत्र परत केलं आणि तक्रारवहीत लिहिलं, 'यंत्र दर दोन मिनिटांनी बंद पडते. सासऱ्यांना ढोसल्यावर चालू होते.' डॉक्टरीणबाईंनी ते दोनदा वाचलं. मग यंत्राच्या आत साठलेल्या रविवारच्या रेघा त्या एकेक करून बघत राहिल्या.

"काका, सासरे कुठे आहेत?"

"घरी. का?"

"घेऊन या. आत्ता."

"मॅडम, तीनला परीक्षा आहे. आणि यंत्र खराब..."

"यंत्र धडधाकट आहे. झोपेत त्यांचा घसा मिटतोय आणि हवा आत-बाहेर जात नाहीये. एकदा तर तेवीस सेकंद श्वास नव्हता."

"पण नाडी चालू होती. ऑक्सिजन शहाण्णव होता."

"बोटावरचा आकडा उशिरा पडतो, काका. श्वास थांबला की आधी ही रेघ सांगते. आणि नाडी सगळ्यात शेवटी जाते. या मधल्या वेळेसाठीच तर आपल्याला पगार मिळतो."

दोन महिने रोज दुपारी शांत झोप म्हणून ज्याचं घरात कौतुक चाललं होतं ते हे होतं. आणि आपण, सव्वीस वर्षं लोकांचे जीव वाचवत फिरणारा माणूस, शेजारी बसून कंपनीला शिव्या घालत होतो. त्यांना स्वतःची इतकी लाज वाटली की त्यांनी तळघराचीही पर्वा सोडली आणि घरी फोन केला.

सासरे लेकीबरोबर आले ते पाय आपटतच.

"मी झोपतच नाही. मग झोपेत माझा श्वास कसा बंद पडेल?" त्यांनी डॉक्टरीणबाईंना विचारलं. या युक्तिवादात कुठेच फट नव्हती.

"मग नुसते पडून राहा, आजोबा. तुमच्या नाकाला नळी लावते आणि बघते."

कारखान्यात बत्तीस वर्षांत जे जमलं नसेल ते सासऱ्यांनी त्या दिवशी करून दाखवलं. खाटेवर ताठ बसून, डोळे फाडून, त्यांनी दोन तास अपघात विभागावर पहारा दिला. तीन वाजले. परीक्षेला ड्रायव्हर, दोन सिस्टर आणि नाडीकाका असे चौघं जमले. म्हाताऱ्याला एकटं सोडायची बाईंची तयारी नव्हती, म्हणून त्यांनी त्यांना नळीसकट खुर्चीत बसवून परीक्षेच्या खोलीत पुढे आणलं.

"आज जिवंत पेशंटवर परीक्षा घेऊ. आधी थोडी उजळणी," असं म्हणून त्या कार्बन डायऑक्साइडवर बोलायला लागल्या. पस्तीस ते पंचेचाळीसच्या मधे आकडा हवा. टेकडीचा माथा सपाट हवा. दम्यात तो तिरका होतो. बाई मन लावून शिकवत होत्या. जे दोन तासांत खाटेला जमलं नव्हतं ते व्याख्यानाने चार मिनिटांत केलं. सासऱ्यांची मान कलली आणि खोलीतली तावदानं वाजायला लागली.

मग ती वाजायची थांबली. रेघ सपाट झाली.

"बोला. काय कराल?" बाईंनी विचारलं.

"नळी निघालीय का बघेन," ड्रायव्हर म्हणाला.

"बॅटरी बघेन," पहिली सिस्टर म्हणाली.

"यंत्रावरचे नंबर लिहून घेईन आणि कंपनीला कळवेन," दुसरी म्हणाली.

तिघंही यंत्राभोवती वाकले. मागच्या बाकावरून नाडीकाका उठले, सरळ सासऱ्यांपाशी गेले आणि बरगडीत दोन बोटं ढोसली.

"मामा, श्वास घ्या."

घुर्र झालं. टेकडी आली.

"मी जागाच आहे," सासरे म्हणाले.

"काका पास," बाई म्हणाल्या. "रेघ सपाट झाली की यंत्राच्या आधी माणसाकडे बघायचं. बाकीचे तिघं परत या." मग त्यांनी जरा थांबून विचारलं, "पण काका, तिथून रेघ दिसली कशी तुम्हाला?"

"दिसली कुठे, मॅडम? मला ऐकू आली."

"बरं. आता इथून हा आकडा वाचा."

नाडीकाकांनी डोळे बारीक केले, मान मागे घेतली, मग पुढे घेतली.

"बावन्न," ते म्हणाले. "किंवा ब्याऐंशी."

बाईंनी पास लिहिलं त्याच्याखाली आणखी एक ओळ लिहिली. आठवड्याभरात चाळिशी, नाहीतर तळघर.

"मला चष्मा लागत नाही हो, मॅडम."

"तुमचे सासरेही झोपत नाहीत," बाई म्हणाल्या.

सासऱ्यांच्या पुढच्या तपासण्या झाल्या आणि त्यांना झोपताना लावायचा हवेचा मास्क मिळाला. "मी जागा असताना लावतो," या अटीवर त्यांनी तो घेतला. नाडीकाका ॲम्ब्युलन्सवर परत बसले, खिशात चाळिशी ठेवून. ती ते फक्त कुणी बघत नसताना लावत, त्यामुळे सगळ्या इस्पितळाला ती ठाऊक होती.

पुढच्या रविवारी दुपारी बायको भांडी आवरून बाहेर आली. आरामखुर्चीत बाबा मास्क लावून पडले होते. छाती संथ वर-खाली होत होती, आवाज म्हणून नव्हता. आपले बाबा अजून आहेत, या एवढ्याशा गोष्टीने तिचे डोळे भरून आले. मग तिच्या लक्षात आलं की तावदानं तरीही वाजतायत.

कोचावर नाडीकाका आडवे होते. नाकावर चाळिशी होती, छातीवर बाईंनी अभ्यासाला दिलेलं पुस्तक होतं, आणि तोंड उघडं होतं. ती पदराने डोळे पुसत बघत राहिली. तेवढ्यात घोरणं थांबलं. तिने एक, दोन करत मोजायला सुरुवात केली. पंधरापर्यंत पोचली, तरी तावदानं गप्पच होती. तिने पुढे होऊन नवऱ्याच्या बरगडीत बोट खुपसलं.

"मी जागाच आहे," नाडीकाका म्हणाले.

"मीसुद्धा," मास्कच्या आतून बाबा म्हणाले.