लिमयेकाकांचा एक्पो

आमच्या बिल्डिंगमधल्या लिमयेकाकांच्या हॉलमध्ये बायकांना प्रवेश नाही. काकू होत्या तेव्हा हा नियम नव्हता. असा नियम काढायची काकांची हिंमतही नव्हती. नियमाचं कारण एकच, भिंतीवरचा काळाकुट्ट, दात विचकलेला लाकडी मुखवटा.

काका वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यातर्फे पामतेलाची मशीनं बसवायला नायजेरियाला गेलेले. तिथे अन्नांग लोकांत नऊ वर्षं काढली. त्या लोकांची एक्पो नावाची गुप्त मंडळी असते. ठरावीक दिवसांत पुरुष मुखवटे घालून गावात फिरतात. मुखवटा चढवला की तो शेजारचा अमुक राहत नाही, घरी परत आलेला पूर्वज होतो. बायकांनी त्याच्यासमोर यायचं नाही. काकांना त्या मंडळीत कोणी घेतलं नाही. त्यांनी नऊ वर्षं खिडकीच्या फटीतून बघितलं. पण इथे खोपटला अन्नांगांचे मुखत्यार तेच.

"आमच्या अन्नांगांत असं चालत नाही," हे लिफ्टपासून पाण्याच्या टाकीपर्यंत सगळ्याला लागू. कामवाल्या मंगलला हॉलच्या दारातूनच परत पाठवतात, त्यामुळे मुखवट्यावर बोटभर धूळ. मंगल म्हणाली, "काका, तुमचे पूर्वज शिंकतील एक दिवस."

गेल्या गणपतीत काकांना स्टेजवर एक्पो करायचा होता. मुलं घाबरतील म्हणून कमिटीने नकार दिला. मुलं कसली घाबरतात, मोबाईलवर याहून भयंकर बघतात. काका भडकले. अंगाला काथ्या गुंडाळला, मुखवटा चढवला आणि भरदुपारी दारोदार निघाले.

आमच्याकडे तेव्हा वेगळंच चाललेलं. आईला हल्ली काही आठवत नाही. बाबांना जाऊन चार वर्षं झाली, पण "हे आल्याशिवाय मी जेवणार नाही" म्हणून सकाळपासून उपाशी बसलेली. समजावून मी थकलो, शेवटी तिच्यावर ओरडलोही. तेवढ्यात बेल वाजली आणि तिनेच दार उघडलं.

आईने त्या काळ्या भुताकडे पाहिलं, पदर सारखा केला.

"किती उशीर केलात. जेवलात का?"

आता काका अन्नांगांचा कायदा काढणार, अशी माझी खात्री. मुखवटा किंचित खाली झुकला. मग आतून घोगरा आवाज आला, "हो. तू घे जेवून. मी बसतो जवळ."

आई जेवली. भात परत मागून घेतला. मी स्वयंपाकघरात जाऊन रडलो.

ती झोपल्यावर काकांना सोडायला जिन्यात गेलो. "काका, उद्या याल?"

त्यांनी मुखवटा काढला, घाम पुसला.

"येईन रे," ते म्हणाले. "ही गेल्यापासून मला कोणी विचारलंच नव्हतं, जेवलात का म्हणून."