साडूंचे वकील

मास्तरांना अटक झाल्याचं कळताच त्यांच्या बायकोने पहिला फोन आपल्या ताईला केला, आणि खरा घोटाळा तिथून सुरू झाला.

अटकेचं कारण साधं होतं. दाढ काढून घेतलेले मास्तर सुन्न गालाने दवाखान्यातून बाहेर आले आणि समोरची राखाडी स्कूटर घेऊन निघाले. पहिल्या किकला स्कूटर सुरू झाली, हॉर्न वाजला, ब्रेकसुद्धा लागले. मेकॅनिकने या खेपेला खरंच काम केलेलं दिसतंय, असं त्यांना वाटलं. त्यांची स्वतःची राखाडी स्कूटर मागे दवाखान्यापाशीच उभी होती. जुन्या कुलपांना कुठलीही किल्ली लागते.

चौकात हवालदाराने अडवलं तेव्हा नंबर आपला नाही हे मास्तरांच्या लक्षात आलं. पण आयुष्यभर भूमिती शिकवलेला माणूस चूक कबूल करण्याआधी सिद्धता मांडतो.

"किल्ली लागते, म्हणजे स्कूटर माझी. नंबरप्लेट कुणीतरी बदललीय. माझी तक्रार लिहून घ्या."

हवालदाराने तक्रार लिहून घेतली नाही. स्कूटर त्याचीच होती.

कोठडीच्या गजांपलीकडे बायको दिसली तेव्हा मास्तरांना हायसं वाटलं. तिच्या मागोमाग साडू दिसले आणि ते हायसं वाटणं संपलं.

साडू म्हणजे बायकोच्या ताईचा नवरा. कंत्राटदार. सासरे त्यांना 'जावईबापू' म्हणत, मास्तरांना 'मास्तर'. साडूंचं घर मोठं, गाडी लांब, आवाज त्याहून मोठा. मास्तरांकडे नसलेली प्रत्येक गोष्ट साडूंकडे होती, अगदी अटकसुद्धा. गेल्या वर्षी पोलिसांच्या दादागिरीला कंटाळून ते एकटे चौकीवर चाल करून गेले होते. ही हकिकत सासरी इतक्या वेळा सांगून झाली होती की पोरं खेळात जावईबापू व्हायला भांडत.

"घाबरू नका मास्तर," साडू म्हणाले, "माझा वकील आणलाय."

"मला दुसरा चालेल."

"अहो, काहीतरीच काय! गावात फौजदारीचे हेच एक आहेत. शिवाय उद्या-परवा कोर्टाला सुट्टी. आज जामीन नाही झाला तर इथेच राहाल," बायको म्हणाली. "भाऊजी बिचारे कामं टाकून आलेत."

'बिचारे' हा शब्द मास्तरांच्या उरलेल्या दाढांत रुतून बसला.

वकील बुटके होते. कोटाचं एक बटण दोऱ्यावर लोंबत होतं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि समाधानाने मान हलवली.

"सोपं आहे. मी सांगणार, माझा अशील वेंधळा आहे. तुम्ही फक्त 'हो' म्हणायचं."

"यांच्या वेळी काय सांगितलं होतंत?" मास्तरांनी साडूंकडे बोट केलं.

"त्यांची केस वेगळी होती," साडूच घाईने म्हणाले आणि भिंतीवरचं कॅलेंडर वाचू लागले.

वेगळी म्हणजे मोठी, हे मास्तरांनी ओळखलं. यांनी शौर्यावर जामीन मिळवायचा आणि आपण वेंधळेपणावर? संध्याकाळच्या आत सासरी सगळ्यांना कळणार.

कोर्टात वकील उठले. "साहेब, माझा अशील अत्यंत वेंधळा इसम आहे."

मागच्या बाकावर बायको आणि साडू शेजारी बसलेले मास्तरांना दिसले. साडू तिला काहीतरी समजावत होते. बायको कौतुकाने मान डोलवत होती.

"मी वेंधळा नाही!" मास्तर ओरडले. "जे केलं ते समजून-उमजून केलं!"

न्यायाधीशांनी चष्मा वर केला. हवालदार खूश झाला. बायकोने पदर तोंडाला लावला.

"साहेब, भुलीचा अंमल आहे. दोन मिनिटं द्या," म्हणत वकिलांनी अशिलाला खिडकीपाशी ओढलं. "दोन दिवस आत बसायचंय का? तुमचे साडू याच जागी उभे राहून आपण होऊन म्हणाले होते, 'साहेब, मला पुढचा गिअर आणि रिव्हर्स गिअर यातलं काही कळत नाही.' भर कोर्टात! याला म्हणतात अशील."

"गिअर? ते तर चौकीवर चाल करून गेले होते."

"गेले होते ना. गाडीत बसून, उलटे. चौकीची मागची भिंत पाडली."

मास्तरांनी मागच्या बाकावरच्या साडूंकडे एकदा नीट पाहून घेतलं. मग ताठ मानेने जागेवर परतले.

"साहेब, वकील बोलले ते कमी आहे," त्यांनी सुरुवात केली. "मी एकदा दुसऱ्याच शाळेत जाऊन अख्खा तास घेतलाय. मुलांना वाटलं, नवे सर आले. चष्मा कपाळावर ठेवून मी दुकानात नवा चष्मा घ्यायला गेलोय. एकदा बायकोला बागेत विसरून घरी आलो आणि ती कुठे गेली म्हणून तिच्या माहेरी फोन केला."

न्यायाधीश हसू आवरत होते. हवालदारालासुद्धा आवरेना.

"पुरे, पुरे! जामीन मंजूर."

"अजून एक राहिलंय, साहेब—"

"खाली बसा."

बाहेर पायऱ्यांवर बायको फोनवर सांगत होती, "ताई, सुटले! न्यायाधीशांनी स्वतः हसून सोडलं. वकील म्हणतात, असा अशील त्यांनी बघितलाच नाही!"

साडूंनी वकिलांना गाठलं. चेहरा उतरला होता. "काय हो, माझ्या वेळी तर कुणी हसलं नव्हतं."

"तुम्ही चांगलेच होतात," वकील लोंबतं बटण चाचपत म्हणाले, "पण यांचं वेगळं."

मग मास्तर जवळ येताना दिसले तसे साडू पुढे झाले. त्यांनी स्वतःच्या हाताने गाडीचं पुढचं दार उघडलं. इतक्या वर्षांत मास्तरांच्या वाट्याला कायम मागची सीट आली होती.

"या साडूभाऊ, घरी सोडतो. आणि ते वकील काही बोलले असतील तर... घरी कशाला..."

"छे, छे," मास्तर ऐसपैस बसत म्हणाले. मागे बसलेली बायको अजून फोनवर होती. साडूंनी किल्ली फिरवली, गिअरला हात घातला.

"सावकाश, जावईबापू," मास्तर हळूच म्हणाले. "मागे भिंत आहे."